ख आणि ख

अकरा चाळीस.
टेबलावर काचेच्या दोन बंद नळ्या. दोन्हींत राखाडी भुकटी, अर्धा-अर्धा ग्रॅम. दोन्हींवर एकच अक्षर: ख.

"माझा ख म्हणजे खरी," मी म्हणाले. "चंद्राची."

"माझा ख म्हणजे खोटी," नणंद म्हणाली. "आपण काळा दगड दळून केलेली."

दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. मग हसूच फुटलं. थांबेना.

(नणंद माझ्याच प्रयोगशाळेत आहे. लग्न ठरताना हे कोणी सांगितलं नव्हतं.)

बारा वाजता दोन गोष्टी व्हायच्या होत्या. खरी माझ्या भट्टीत जाणार. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतानं तिच्यात किती हायड्रोजन रुतवलाय ते दिसणार. त्या अर्ध्या ग्रॅमसाठी मी तीन वर्षं अर्ज केले होते. आणि खोटी चाकवाले नेणार. चंद्रावरच्या गाडीचं चाक किती झिजतं ते बघायला ते ती चाकाच्या पत्र्यावर घासून टाकतात.

उलट झालं, तर चंद्राच्या मातीची अक्षरशः माती.

"उघडून बघू?" नणंद.

"आणि हवेतला ओलावा आत गेला? पाण्यातही हायड्रोजन असतो, बाईसाहेब. मग मी कुठला मोजू?"

"ओरडतेस काय! मी मुद्दाम केलं का?"

"मी कुठे म्हटलं मुद्दाम? चोराच्या मनात चांदणं!"

"वहिनी, या घडीला तरी चांदण्यावर कोट्या नको."

अकरा पंचेचाळीस.
चुंबक! चंद्राच्या मातीत शुद्ध लोखंडाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. नळीला चुंबक लावला. भुकटी सरकली. दुसरीला लावला.

तीही सरकली. आपल्या काळ्या दगडातही लोहखनिज असतंच. अक्कल चरायला गेली होती.

तीन अब्ज वर्षं आधी.
चंद्रावर लाव्हा थिजून दगड झाला. वारा नाही, पाऊस नाही, गांडूळ तर नाहीच. वरून नुसते दगड. मोठा पडला की जमीन फोडतो. धुळीच्या कणाएवढा पडतो तो असल्या वेगानं, की माती वितळून काच होते आणि ती काच शेजारच्या कणांना चिकटवून टाकते. फोड. जोड. फोड. जोड. तीन अब्ज वर्षं हेच. आमची खोटी मात्र चक्कीतली. नुसती फोड.

नुसती फोड!

अकरा बावन्न.
"काका!" दोघी एकदम ओरडलो.

काचवाले काका काच फुंकून आमच्या नळ्या बनवतात. त्यांनी खिशातलं भिंग काढलं, पहिली नळी उजेडात धरली.

"दगडाचा चुरा. कडा धारदार."

दुसरी. ती फिरवून फिरवून पाहिली. मग त्यांच्या मिशा हलल्या.

"अगं, ह्यात बुडबुडे आहेत. काचेचे गोळे, वेडेवाकडे, कण चिकटलेले. आमच्या धंद्यातलं कोणीतरी इथे काम करून गेलंय. पण फुंकर मारायची सोडून ठोसे मारलेत गाढवानं!"

मी त्यांना मिठीच मारली. भिंग खाली पडलं. नणंदेनं झेललं.

दारावर टकटक. चाकवाले.

"आमची खोटी द्या."

पहिली नळी दिली.

बारा सोळा.
भट्टी सातशे अंशांवर. पडद्यावर हायड्रोजनची रेघ सपाट. सपाट. नणंदेनं माझं मनगट घट्ट धरलं. सपाट.

आणि मग

 वर

  वर

   वर

"खरी!" ती किंचाळली. "वहिनी, खरी!"

बारा तीस.
"पुढच्या वेळी ख नको," मी म्हणाले. "मी अ लिहीन. अस्सल."

"अय्या," नणंद म्हणाली, "मीही अ ठरवला होता. अस्सल नसलेली."