तीन मुक्या पट्ट्या

मित्रांनो, तुम्ही श्वास घेता तसाच मीही घेतो. फक्त मला तो कुणीतरी द्यावा लागतो. मी एक अकॉर्डियन आहे, वयाने बराच जुना. माझ्या दोन लाकडी बाजूंच्या मध्ये घड्याघड्यांचा भाता आहे. तो ओढला की हवा आत येते, दाबला की बाहेर जाते. तिच्या वाटेवर पोलादाच्या बारीक पात्या मेणाने बसवलेल्या आहेत, एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला मोकळ्या. पट्टी दाबली की हवेला वाट मिळते, पाती थरथरते आणि सूर उमटतो. गळा नसलेल्यालाही देवाने बोलायची सोय करून ठेवली, याचे मला आजही नवल वाटते.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने एकेक पाती कानाशी धरून घासली होती. त्याच्याकडून मी एका शिंप्याच्या घरी आलो. गल्ली त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या बायकोला काकू. दुकान म्हणजे रस्त्यावरची एक खोली. दोन शिवणयंत्रे, कापायचे लांब टेबल, भिंतीवर खडूने लिहिलेली मापे. दुपारचे जेवण झाले की काका मला मांडीवर घेत. त्यांना चारच चाली येत, त्याही अर्ध्या. काकू गुंड्यांची काजे करता करता म्हणत, "अहो, लोकांच्या बाह्या पुऱ्या करता, मग गाणंच अर्धं का सोडता?" त्यावर काका भाता आणखी जोरात ओढत. ते माझे सुखाचे दिवस.

मग चार दिवसांच्या तापाने काका गेले. त्यांच्या यंत्रावर चादर पडली. मला मात्र काकूंनी झाकले नाही. त्यांना वाजवता येत नव्हते, पण सांभाळता येत होते. शिवणयंत्राला आठवड्यातून एकदा तेल घालायचे हा त्यांचा चाळीस वर्षांचा नेम. तोच त्यांनी मला लावला. माझे झाकण उघडले, आत पोलाद चमकताना पाहिले आणि तेलाच्या डबीच्या लांब चोचीतून एकेका पातीवर थेंब सोडला. मग फडक्याने पुसून मला हात जोडले. मित्रांनो, मी त्यांना कसे सांगणार, की मला तेल चालत नाही? बोलायला मला हवा लागते, आणि हवा द्यायला आता कुणी नव्हते.

नेम चुकला नाही. तेलावर कापडाची बारीक लव बसत गेली, चामड्याच्या झडपा चिकटल्या, मेण मऊ पडले. एके दिवशी काकूंनी सहज पट्टी दाबून भाता ओढला, तर नुसती फुसफुस. मदतीला येणाऱ्या आपल्या भाचीला काकू एवढेच म्हणाल्या, की काकांच्या मागे यानेही बोलणे सोडले. मला पेटीत घालून कपाटावर चढवले. तिथे मी सहा वर्षे होतो. खालून एकाच यंत्राची टकटक येई. आपण इथेच आहोत आणि कुणाला आपली आठवण नाही, हे फार जड जाते.

शेवटी काकूंनी मला भंगारात द्यायला सांगितले. भाची हट्टी. द्यायचाच आहे तर आधी दाखवून तरी येऊ, म्हणत ती मला आणि काकूंना वाद्ये दुरुस्त करणाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने झाकण उघडले, बोट फिरवले, वास घेतला.

"यात मशीनचं तेल कुणी घातलं?"

काकू म्हणाल्या, "मी. दर आठवड्याला. एकदाही चुकले नाही."

"काकू, याला कोरडंच ठेवायचं असतं. रोज थोडी हवा दिली की झालं."

"म्हणजे मीच त्याचा गळा दाबला."

तो माणूस खोटे बोलला नाही. "दाबलात खरा. पण सुटेल, बराचसा."

आठ दिवस मी त्याच्या फळीवर होतो. शेजारी एक बासरी होती. फुंकर तिच्या तोंडाच्या कडेवर दुभंगते आणि तिच्या पोटातली हवा थरथरू लागते. दूर देशीचे एक इवलेसे वाद्य होते, लाकडावर लोखंडी जिभा असलेले, अंगठ्याने दाबून सोडायचे. व्हायोलिनची तार गजाच्या केसांना धरे आणि सुटे. ढोलाचे कातडे ताणून बसले होते. प्रत्येकाची तऱ्हा निराळी, पण थरथरल्यावाचून कुणालाच बोलता येत नव्हते. माझी तर थरथरच तेलाने धरून ठेवली होती.

त्याने मला पुसले, नवे मेण घातले, झडपा बदलल्या. तीन पट्ट्यांच्या पात्या मात्र सुटून आत मोडल्या होत्या. दुसऱ्या अकॉर्डियनच्या काढून बसवतो, म्हणाला, पण आवाज थोडा वेगळा येईल.

"नको," काकू म्हणाल्या. "यांनी ऐकलेला आवाज आहे तेवढाच राहू दे."

आता रोज सकाळी, काम सुरू करण्याआधी, काकू मला मांडीवर घेतात. चाल त्यांना एकही येत नाही. त्या खालपासून वरपर्यंत एकेक पट्टी दाबतात, मोजून सारखा वेळ. चादरीखालचे यंत्र समोर असते.

मित्रांनो, ज्यांना सांगता येत नाही अशांना तुम्ही जीव लावाल, तेव्हा हात लावण्याआधी कुणा जाणत्याला विचारा, याला काय लागते? माया खरी असली तरी विचारावे लागते. काकूंना हे उशिरा कळले, पण कळले.

त्या तीन पट्ट्या आल्या की माझ्यातून नुसता श्वास जातो. काकू त्या वगळत नाहीत. बोट ठेवून, बाकीच्यांइतकाच वेळ थांबतात आणि मग पुढच्या पट्टीवर जातात.