देवपूरची चौकशी

रुपचंद नानांनी गोळ्यांच्या गुलाबी पट्ट्या शर्टाच्या आतल्या खिशात सरकवल्या, वरून रुमाल कोंबला आणि मेडिकलच्या पायऱ्या उतरायला वळले. तेवढ्यात शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या मुलीनं आपला कागद काउंटरवर ठेवला.

"नेहमीचीच ना, हेमांगीताई?" दुकानदारानं कागद न उघडताच विचारलं.

"हो. महिन्याची द्या."

दुकानदाराचा हात मघाशी नानांसाठी ज्या कप्प्याकडे गेला होता, त्याच कप्प्याकडे गेला. तोच खोका, त्याच गुलाबी पट्ट्या. नाना पायरीवर थबकले. त्यांच्या पिशवीत घडी घालून ठेवलेल्या बायोडाटावर हेमांगी हेच नाव होतं, फोटोतला चेहराही हाच होता. आज सकाळच्या एसटीनं ते पारोळ्याहून धुळ्याला आले होते ते याच मुलीची चौकशी करायला. धुळ्यात देवपुरापर्यंत जायचंच आहे तर महिन्याचं ते दुसरं कामही उरकून घेऊ, एवढाच त्यांचा हिशोब होता.

मुलीनं मान वळवली. आधी तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग छातीकडे. रुमालाच्या वर गुलाबी कोपरा डोकावत होता. छातीत कळ आल्यासारखा नानांनी तिथं तळहात दाबला आणि पंचाहत्तरीच्या माणसाला शोभणार नाही अशा चालीनं रस्ता ओलांडला.

आता नाना कोण, हे पारोळा तालुक्यात कुणालाही विचारावं. सोयरीक जुळवायची म्हटली की मध्यस्थ कितीही गोड बोलो, भाऊबंद आधी म्हणत, नानांना एकदा पाठवा. नाना मुलीबद्दल कधी थेट विचारत नसत. त्या गल्लीत भाड्यानं खोली मिळेल का, असं विचारत शिरत, ओट्यावर बसत, पाणी मागत आणि तासाभरात घरातली चार पिढ्यांची भांडणं बाहेर काढत. शिरपूरच्या एका मुलाला फिट येते, हे त्यांनी त्याच्या मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून ओळखलं होतं. परत आले की ते सुपारी कातरत म्हणत, "पोर चांगली शे, पण..." त्या 'पण'नं आजवर अकरा सोयरिका मोडल्या होत्या. नानांना त्याचं वाईट वाटत नसे. त्यांच्या मते जगात प्रत्येक घरात काहीतरी झाकलेलं असतंच, आणि ज्याला हे कळत नाही तो बावळट.

हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक असण्याला कारण होतं. ते स्वतः चौदा वर्षं झाकत आले होते.

चौदा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोनं, इंदिराबाईंनी, एक दिवस चूल पेटवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भांडण नाही, ताप नाही, काही नाही. भिंतीकडे तोंड करून त्या पडून राहिल्या त्या दोन महिने. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी ही गोळी दिली. तिसऱ्या महिन्यात इंदिराबाईंनी शेवभाजीत पूर्वीसारखा हात सोडून तिखट घातलं, तेव्हा ठसका लागून डोळ्यांत पाणी आलेलं असतानाही नानांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं. इतका आनंद त्यांना स्वतःच्या लग्नातही झाला नसेल. पण त्याच रात्री त्यांनी बायकोला बजावलं, हे कुणाला कळता कामा नये. घरात लग्नाची पोर होती. पोर लग्न होऊन नांदायला गेली, तिला दोन मुलं झाली, तरी बजावणं तसंच राहिलं. पारोळ्यात त्यांनी ती गोळी कधी घेतली नाही. गोळ्या काढून शतावरीच्या बाटलीत भरायच्या आणि रिकाम्या पट्ट्या पुढच्या फेरीला धुळ्यातल्या पांझरा नदीच्या पुलावरून खाली टाकायच्या, असा त्यांचा चोख कारभार होता.

आणि आता या पोरीनं खिसा पाहिला होता.

हेमांगीच्या वडिलांच्या, अमृत सरांच्या घरी नाना पोहोचले तेव्हा पोहे तयार होते. सर शाळेतून निवृत्त झालेले, बोलण्यात साखर. नानांनी चपला काढतानाच दारातले जोड मोजले, पंख्यावरची धूळ पाहिली, पाण्याचा तांब्या घासलेला आहे का ते पाहिलं. सगळं ठीक होतं. इतकं ठीक, की त्यांचा संशय वाढला.

"मुलीची तब्येत?" नानांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"एकदम ठणठणीत. साधी सर्दी नाही कधी."

नानांनी चमचा खाली ठेवला. हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. विहीणबाईंची तब्येत कशी आहे, असं पोरीच्या सासऱ्यानं विचारलं होतं तेव्हा त्यांनी स्वतः हेच्या हेच म्हटलं होतं, सर्दीसकट.

हेमांगी चहा घेऊन आली. तिनं ओळख दाखवली नाही, पण बुजलीही नाही. कप ठेवताना म्हणाली, "नाना, थोडं पाणी देऊ का? उन्हातून फिरला असाल."

फिरला असाल! नानांच्या कानाला तो टोमणा वाटला. त्यांनी चहा बशीत ओतला. आता ही बापासमोर बोलते की काय, म्हणून ते घोटागणिक तिच्याकडे चोरून बघत राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांना घाम फोडला, त्याच्या कपाळावर त्या दिवशी पंख्याखाली घाम होता.

ते निघाले तशी हेमांगी म्हणाली, "पप्पा, मी नानांना रिक्षा करून देते." आणि कोपऱ्यावर रिक्षाची वाट बघताना, रस्त्याकडे बघतच ती म्हणाली,

"सकाळी मेडिकलवर मी पाहिलं तुम्हाला."

"कोणतं मेडिकल?" नानांच्या तोंडून सवयीनं निघालं.

ती हसली नाही. "मला सहा वर्षं झाली. कॉलेजात असताना सुरू झाली. आता नोकरी करते, झोप लागते, जेवण जातं. डॉक्टर म्हणतात, घाई करून बंद करायची नाही. पप्पा कुणाला सांगू देत नाहीत. पण मी ललितला सांगितलंय, पहिल्याच फोनवर."

ललित म्हणजे नानांचा पुतण्या, ज्याच्यासाठी ही सगळी पायपीट चालली होती तो.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, माझी हरकत नाही, पण आईला सांगायची हिंमत होत नाही. नाना चौकशीला येणारच आहेत, त्यांना कळेल, ते सांगतील."

नानांनी मनातल्या मनात पुतण्याला एक सणसणीत शिवी दिली.

"तुमच्या खिशातलं मी कुणाला बोलणार नाही," हेमांगी म्हणाली. "ते तुमचं आहे. पण माझं लपवून मला लग्न नको. आज तुम्ही सांगा, नाही तर उद्या मी फोन करून सांगते."

एसटीत नानांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. ही धमकी होती की वचन? बोलणार नाही म्हणाली, म्हणजे बोलू शकते. उद्या सून होऊन शेजारच्या दारात आली, की जन्मभर तिच्या डोळ्यांना डोळा देता येणार नाही. त्यापेक्षा मोडलेलं बरं. मोडायला खोटंही बोलायला नको, खरं तेच सांगायचं, फक्त सुरात. सूर कसा लावायचा हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पारोळ्याचा किल्ला दिसेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

ओट्यावर मंजुळाबाई वाट बघत बसल्या होत्या. नानांच्या धाकट्या भावाची ही बायको, ललितची आई. भाऊ वारल्यापासून शेती आणि पोरगा दोन्ही तिनं एकटीनं ओढलेलं. ललित आत दाराआड उभा होता, कान बाहेर होते. इंदिराबाई पाणी घेऊन आल्या.

"कशी शे पोर, नाना?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"पोर चांगली शे. शिकेल शे, घर चांगलं शे." नानांनी पाण्याचा घोट घेतला. "पण..."

मंजुळाबाईंनी पदर सावरला. दाराआडची सावली हलायची थांबली.

"पण डोकानी गोळी खास ती. एक दिन नही, दोन दिन नही, सहा वरीसथीन."

पोर सहा वर्षांपासून डोक्याची गोळी खाते, हे सांगताना सूर अगदी बरोबर लागला होता. नानांनी नजर वर केली ती मंजुळाबाईंचं तोंड कसं पडतं ते बघायला, पण आवाज आला तो मागून.

"मी बी खास," इंदिराबाई म्हणाल्या.

त्यांनी तांब्या ओट्यावर ठेवला.

"चौदा वरीसथीन खास. तशीच गोळी. मनी गोळीले बी असंच म्हनतस का तुम्ही, मनामांगे?"

माझ्या गोळीबद्दलही माघारी असंच बोलता का, असं बायकोनं चारचौघांत विचारलं तेव्हा नानांना वाटलं, आता संपलं. त्यांनी मंजुळाबाईंकडे पाहिलं नाही. चौदा वर्षं पुलावरून फेकलेली एकेक रिकामी पट्टी उलटी वाहत दारात आल्यासारखं त्यांना झालं.

"माहीत शे, अक्का," मंजुळाबाई म्हणाल्या.

"काय माहीत शे?" नाना एकदम ओरडले. "कोणी सांगं तुले?"

"सांगाले कोण पाहिजे? सारी गल्लीले माहीत शे. तुमलेच कोणी सांगं नही, तुमले वाईट वाटी म्हनीसन." मंजुळाबाईंचा आवाज चढला नव्हता. "मझारमा तुम्ही अक्कानी गोळी बंद करेल व्हती ना, आते बरी व्हयनी म्हनीसन? तवय अक्का मळामा इहिरना काठवर बशेल व्हत्यात. भर दुपारले. मी हात धरीसन घर लई उनू. तुम्ही सर्वास्ले कावीळ सांगी."

नानांनी बायकोकडे पाहिलं. मधे त्यांनी गोळी बंद केली होती, तेव्हाचं विहिरीचं हे त्यांना आजच कळत होतं. त्या वेळी त्यांना एवढंच सांगितलं गेलं होतं, की अक्कांना मळ्यात चक्कर आली. इंदिराबाई त्यांच्याकडे न बघता खांबाला टेकून उभ्या होत्या.

"माले एकच सांगा," मंजुळाबाई म्हणाल्या. "ती पोर मझारमा गोळी बंद तं नही करस ना? लगीन व्हयनं, चार दिन बरं वाटनं, का दिधी सोडी?"

"ते..." नाना अडखळले. "ते मी इचारं नही."

"मंग कसानी चौकशी करी उनात तुम्ही?"

दाराआडून ललित पुढं आला आणि त्यानं नंबर लावून फोन नानांच्या हातात दिला. दोनदा वाजला. तिकडून हेमांगीचा आवाज आला, सावध.

"बेटा, रुपचंद नाना बोलतोय." नानांनी घसा खाकरला. कुणाला काही थेट विचारायची त्यांना सवय नव्हती. "सांगितलं मी घरी. आता एक विचारायचंय. इथं आल्यावर कुणी म्हटलं, बरी झालीस, आता सोड ती गोळी, तर सोडशील का?"

तिच्या उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही.

"डॉक्टरशिवाय कुणाचं ऐकू नको," नाना म्हणाले. मग बायकोकडे पाहत म्हणाले, "माझं तर अजिबात नको."