मोटेवरचं गाणं कुणाचं?

गोऱ्याचे हात बघितले आणि वच्छलाचा संशय पक्का झाला. एवढे मऊ हात, आणि म्हणे याला रानातलं अस्सल गाणं पाहिजे!

साल चौऱ्याहत्तर. भवानी पेठेतल्या तिच्या खोलीत तो टेपरेकॉर्डर मांडून बसला होता. रॉनी त्याचं नाव. विलायतेत गिटार वाजवून मोठा झालेला गायक. सोबत दुभाषे म्हणून कॉलेजातले बसवराज मास्तर.

"वहिनी, अमेरिकेत कापसाच्या रानात राबणारे काळे मजूर जे गायचे, त्याला ब्लूज म्हणतात," मास्तर म्हणाले. "एका म्हाताऱ्या मजुराचं ऐकून हा शिकला."

"मग त्या म्हाताऱ्याचं नाव घातलंय व्हय रेकॉर्डीवर?"

मास्तरांनी विचारलं. गोऱ्यानं मान खाली घातली. नव्हतं घातलं. म्हणूनच आता तो गाण्याआधी नाव विचारत होता.

"लिवा की माजं नाव, रामहरी!" तिचा नवरा छाती काढून म्हणाला. "माढ्याकडं आमच्या मोटंवरचं गानं हाय. हिरीवर इंजनं बसली, गानं ऱ्हायलंय माज्यापाशी."

वच्छलाच्या अंगाचा तिळपापड झाला. हा बाबा इथं गिरणीत लागला आणि तिकडं अकरा वर्षं मोट हाकली तिनं. गाणंही तिनंच रचलेलं. यापेक्षा गोरा परवडला, तो निदान ओशाळला तरी!

रामहरी गायला लागला आणि एका दमात गातच सुटला.

"आवं, थांबा की!" वच्छला कडाडली. "मोट वर आली, पानी पडू द्या, बैलं मागं सरू द्या. कवा हाकलीच न्हाय, तुमाला कसं कळावं?"

रामहरीचं तोंड एवढंसं झालं. मग ती स्वतः गायली. बैल उतारानं चालत जातील तेवढीच ओळ. मग ते उलट्या पावलांनी वर येईस्तोवर गप्प. गोरा त्या गप्पपणात श्वास रोखून बसला.

मास्तरांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. वच्छलाला वाचता येत नव्हतं, आणि विश्वास तर आता कुणावरच नव्हता. तिनं कागद चौथी शिकलेल्या नवऱ्यापुढं धरला.

"वाचा. मोठ्यानं."

लग्नाला वीस वर्षं झाली, पण तो तिला नुसतं "अगं ए" म्हणत आला होता. त्यानं घसा खाकरला.

"वच्छला," तो पुटपुटला.

"आनि येकदा," ती म्हणाली. "मशीनला ऐकू आलं न्हाय."