बावन्न नंबरचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. कोटाच्या मोठ्या बटणाएवढा गोल, वरच्या कडेला एक भोक आणि मधोमध ठशाने उठवलेला आकडा: बावन्न. मित्रांनो, तुम्ही मला बोटाखाली धरलंत तर न पाहताही तुम्हाला माझा आकडा कळेल. माझ्या आयुष्यात पुढे जे काही घडलं ते या एका गुणामुळे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पितळेच्या पत्र्यातून आम्हा शंभर भावंडांना एका दिवसात कापून काढलं आणि प्रत्येकाच्या पाठीत ठसा हाणला. तो घाव मला अजून आठवतो. मग आम्हाला अवजारांच्या खोलीत पाठवलं. तिथला नियम सोपा होता. कामगाराने आपला बिल्ला द्यायचा आणि हवं ते अवजार न्यायचं. अवजाराच्या रिकाम्या खिळ्यावर तो बिल्ला लटकायचा. बिल्ला दिसला की समजायचं, अवजार बाहेर आहे, पण हरवलेलं नाही.

त्या खोलीचा स्टोअरकीपर मोठा कडक माणूस होता. कामगार त्याला पाठीमागे 'हवालदार' म्हणायचे. दर शनिवारी तो आम्हाला राखेने घासायचा आणि उजेडात धरून पाहायचा. पुढे कारखाना बंद पडला. यंत्रं भंगारात गेली, पण हवालदाराने आम्हाला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणलं. त्याची बायको म्हणाली, "पगार नाही मिळाला, निदान पितळ तरी आणलंत!" तो हसला, आणि डबा कपाटावर गेला. तो वारला तेव्हाही आम्ही कपाटावरच होतो. एकमेकांवर पडून पडून आम्ही काळे झालो.

मला पुन्हा उजेड दाखवला तो त्याच्या बायकोने. ती शिवणकाम करायची. चाळीस वर्षं तिने लोकांचे कपडे शिवले. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, तिच्या एकुलत्या मुलीचा फ्रॉक मात्र नेहमी सगळ्यांच्या शेवटी व्हायचा. मुलगी मोठी झाली, नोकरीनिमित्त दुसरीकडे राहायला गेली, तेव्हा आईने ठरवलं की साठवलेल्या कापडांतून तिच्यासाठी एक गोधडी करायची. सात ओळी, दर ओळीत आठ चौकोन. सगळे चौकोन कापून झाले आणि तिची नजर अधू होऊ लागली.

मुलगी रविवारी यायची. तिने छप्पन कागदी चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या चौकोनांना टाचल्या, म्हणजे शिवताना क्रम चुकणार नाही. पुढच्या रविवारी येऊन पाहते तर तिसऱ्या ओळीत निळ्याला निळा चिकटलेला.

"आई, तुला चिठ्ठ्या दिसत नाहीत ना?"

"दिसतात की. जरा अंधुक दिसतात, एवढंच."

"मग हा आकडा सांग बघू."

"तू मास्तरीण होऊ नकोस हं माझी," आई म्हणाली. आणि मग हळूच, "तुझ्या बाबांचा डबा काढ गं कपाटावरचा."

अशा रीतीने आम्ही पुन्हा कामाला लागलो. प्रत्येक चौकोनाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात एकेक बिल्ला, पिनेत ओवून. त्यामुळे आईला आकडाही कळायचा आणि चौकोनाची वरची बाजूही. ती अंगठा फिरवायची, पुटपुटायची, "एकवीस… बावीस…" आणि मशीनची मूठ फिरवायची. चौकोन चारी बाजूंनी जोडला गेला की बिल्ला काढून डब्यात टाकायचा, त्याआधी नाही, असा तिचा नियम होता. खाली राहणारी मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, सुईत दोरा ओवून द्यायची. आई तिला म्हणायची, "माझा दोरा तुझ्या हातात आहे बाई, भांडायची सोय राहिली नाही."

पाचवी ओळ झाली त्या सुमारास आईला दिसायचं पूर्ण थांबलं. तरी ती हटली नाही. उरलेले सोळा चौकोन तिने पलंगावर स्वतःच्या हाताने मांडले. एक उचलायची, दोन बोटांत चोळायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. मुलगी तिच्या मागोमाग बिल्ले लावत होती.

"आई, दोन तपकिरी शेजारीशेजारी आलेत. वाईट दिसतं ते."

"कुणाला?" आई म्हणाली.

मुलीने पुढे काही विचारलं नाही. तिला परतीची गाडी गाठायची होती. तिने मला जाड करड्या कोटाच्या कापडावर लावलं. शेवटच्या ओळीतला तो चौथा चौकोन. ती पिना लावत होती, पाहत नव्हती. आईचा अंगठा मात्र माझ्यावर टेकलेला होता.

महिनाभरात आईने सहावी ओळ जोडली. त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही.

घरात माणसांची ये-जा सुरू झाली, म्हणून मावशीने खोली आवरायला घेतली. आमच्यामुळे कापडावर हिरवट डाग पडू लागले होते. तिने आम्हाला काढलं. उरलेले आठ चौकोन धुतले, इस्त्री केली, फिकट वर आणि गडद खाली अशी घडी घातली. आम्हाला राखेने असं लखलखीत घासलं की हवालदारसुद्धा खूश झाला असता. मित्रांनो, मी ओरडू शकत असतो तर तेव्हा ओरडलो असतो.

मुलगी आली. तिने चौकोनांवरून हात फिरवला.

"मावशी, बिल्ले कुणी काढले?"

"मीच. अगं, हिरवे डाग पडत होते. ताई असती तर मलाच ओरडली असती, कापड नासू दिलंस म्हणून."

"मावशी, ते नंबर होते."

"नंबर आहेत की! डब्यात आहेत. एक ते छप्पन, अगदी क्रमाने लावलेत बघ."

खरंच होतं ते. आम्ही डब्यात कधी नव्हे इतके शिस्तीत बसलो होतो. फक्त कोणत्या चौकोनाचा नंबर कोणता, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलीने डब्याचं झाकण लावलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. मावशीचा चेहरा उतरला. "मला मेलीला काय माहीत," एवढं म्हणून ती पलंगाच्या कडेवर बसली.

मुलीने आठ चौकोन पांघरुणावर पसरले. आईने मांडली होती तशीच ओळ तिला हवी होती. आईच्या हातचं एवढंच काय ते करायचं उरलं होतं. रंगांच्या हिशेबाने तिने तीनदा मांडून पाहिलं. पण शिवून झालेल्या सहाव्या ओळीत रंगांचा काही मेळच नव्हता, तेव्हा सातवीत तो कुठून येणार? शेवटी थकून तिने सहावी ओळ गुंडाळायला घेतली. कापड तळव्याखालून सरकत गेलं, आणि ती थांबली. तिने ओळ पुन्हा उलगडली, डोळे मिटले, हात फिरवला.

"मावशी, डोळे मीट."

"आता हे काय नवीन?"

"मीट गं. आणि हात फिरव इथून."

मावशीने डोळे मिटले. "खरखरीत… मऊ… हे पुन्हा खरखरीत… मऊ… अगं बाई!"

"ती रंग जुळवतच नव्हती," मुलगी म्हणाली.

"मला कधी बोलली नाही ताई."

"मला बोलली होती. मी विचारलं नाही पुढे."

मग त्या दोघी डोळे मिटून बसल्या आणि कापडं चोळत राहिल्या. सहावी ओळ खरखरीत कापडाने सुरू होत होती, म्हणून सातवी मऊ कापडाने सुरू केली. चार मऊ, चार खरखरीत, एकाआड एक. पण चार मऊ कापडांत आधी कोणतं, चार खरखरीतांत आधी कोणतं, हे बोटांना कसं कळणार? तिथे त्यांनी अंदाज केला. मुलीने आम्हाला पुन्हा ओवलं. मला तिने उभ्या रेघांच्या खरखरीत कॉर्डरॉयवर लावलं. करडा कोट दोन घरं पुढे गेला, चोपन्नवर.

मित्रांनो, ते चुकलं होतं. मी त्या कोटावर पाच आठवडे काढले होते. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं, कारण बिल्ल्याच्या लेखी चूक ती चूक. पण मला तोंड नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मुलगी मशीनवर बसली. मावशीने ओळीचं दुसरं टोक धरलं. कोपऱ्याला कोपरा जुळवत, मध्येच उसवत, पुन्हा शिवत शेवटची ओळ जोडली गेली. एकेक बिल्ला डब्यात पडला.

"बरोबर लागलं असेल का गं?" मावशीने विचारलं.

"सगळं नसेल," मुलगी म्हणाली, आणि दोरा तोडला.

आता मी डब्यात आहे. माझं काम संपलं. जाता जाता तुमच्याकडे एकच मागणं आहे. कुणाचं अर्धं राहिलेलं काम दिसलं तर ते आवरायची घाई करू नका. त्यातलं जे तुम्हाला वेडंवाकडं वाटतं ते कदाचित कुणी मुद्दाम, फार विचार करून तसं ठेवलेलं असेल. आणि ते ठेवणारं माणूस तुमच्यासमोर बसलेलं असेल, तर हातातली पिन खाली ठेवा, गाडी चुकू द्या, आणि विचारा, हे असं का?

त्या रविवारी "कुणाला?" म्हणून झाल्यावर आई कितीतरी वेळ थांबली होती. सांगायला तिच्यापाशी उत्तर होतं. मी तिच्या अंगठ्याखाली होतो, मला ठाऊक आहे.