ॲव्हरेज

टॅक्सी स्टँडवर त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘ॲव्हरेज’ म्हणायचे. शहरात हायब्रिड गाड्या अजून नवलाईच्या होत्या तेव्हा त्याने एक घेतली. तेव्हापासून कोणाशीही बोलताना दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला आपली गाडी लिटरमागे किती पळते हे तो सांगायचाच. एकदा दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडं ठेवून बसला असतानाही त्याने बोटांनी आकडा दाखवला होता, असं स्टँडवर सांगत. ती थाप नव्हती.

गाडी होतीही तशीच. पुढे पेट्रोलचं इंजिन, मागच्या सीटखाली मोठी बॅटरी. गर्दीत, सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि गाडी बॅटरीवर मांजरीसारखी चालायची. ब्रेक मारला की बॅटरी पुन्हा थोडी भरायची. बाकीचे ड्रायव्हर पंपावर रांगेत उभे असत, तेव्हा हा त्यांच्या शेजारून हात हलवत निघून जायचा. आयुष्यात एक निर्णय तरी अचूक घेतला, असं त्याला वाटे, आणि बायकोलाही तो हे अधूनमधून ऐकवत असे. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभी असायची. ती म्हणायची, “एक का होईना, घेतलात.”

मग आकडा उतरायला लागला.

सुरुवातीला त्याने टायरमधली हवा बघितली. मग पंप बदलला, पेट्रोलात भेसळ आहे म्हणून दोन पंपांवर भांडून झालं. एसी बंद करून, घामाघूम प्रवाशांची बोलणी खाऊन बघितलं. शेवटी तो थोरल्या भावाच्या गॅरेजात गेला. थोरल्याने गाडीला मशीन जोडून बघितलं आणि सांगितलं की बॅटरी म्हातारी झाली आहे. जपून वापरली, तापू दिली नाही, तर अजून काही काळ निघेल, पुढे बदलावी लागणारच. नव्या बॅटरीचा विषय निघताच ॲव्हरेजने तो हातानेच बाजूला सारला. त्या पैशात अर्धी गाडी आली असती. त्याने विचारलं की गाडीचं वजन कमी केलं तर?

“फरक पडतो,” थोरला नट आवळत म्हणाला, “नाही असं नाही. पण तुझ्या दुखण्याला तो दर्यात खसखस.”

ॲव्हरेजने त्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं.

त्याच संध्याकाळी स्टेपनी निघाली. तिच्यामागोमाग जॅक, पाने, डिकीतला फळीचा तळ. मग रबरी मॅट, दारांच्या आतली आच्छादनं, मागच्या सीटची डोकं टेकायची उशी. प्रत्येक वस्तू तो घरच्या वजनकाट्यावर ठेवायचा, काट्यावर न मावणारी कडेवर घेऊन स्वतः उभा राहायचा आणि मग आपलं वजन वजा करायचा. बाल्कनी भरली तशी वस्तू बोळकांडीत आल्या. लॉन्ड्रीतून दमून आलेल्या बायकोला चपला काढायला जागा उरली नाही. ती स्टेपनीवर बसूनच पाय चोळू लागली. “गाडी तर सगळी घरात आली,” ती म्हणाली, “आता आपण गाडीत राहायला जाऊ.”

आकडा जरासा वर आला. त्या दिवशी तो शीळ घालत घरी आला, बायकोला बाहेर जेवायला घेऊन गेला, आणि जेवताना तिला समजावून सांगितलं की प्रत्येक किलो म्हणजे चढावर इंजिनाच्या मानेवरचं ओझं. ती ऐकत होती. इतक्या दिवसांनी तो तिच्याशी एवढं बोलत होता, म्हणून तिने मध्ये तोंड घातलं नाही.

पण आकडा तिथे टिकला नाही. पुन्हा घसरला, पहिल्याहून खाली गेला. मग त्याने फरशीवरचा गालिचा उपटला आणि त्याखालचं आवाज दाबायचं जाड अस्तर कात्रीने, शेवटी नखांनी ओरबाडून काढलं. गाडीभर लोकरीसारखा भुगा उडाला. तो त्याने फडक्याने झटकला आणि खिडक्या उघड्या ठेवून गाडी पळवली. आता चाकाखालचा खडा न् खडा आत ऐकू यायचा. प्रवासी फोनवर बोलता बोलता थांबायचे, इकडेतिकडे बघायचे आणि पुन्हा त्याची गाडी बोलवायचे नाहीत.

काढण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो स्वतःकडे वळला. रात्रीचं जेवण सोडलं. पट्ट्याला नवी भोकं पाडली, गाल बसले. “माणूस वाळत चाललाय आणि गाडी प्यायला लागलीय,” असं बायकोने आपल्या जाऊबाईंना सांगितलं. जाऊबाईंनी ते थोरल्याला सांगितलं. थोरला एकदा घरी येऊन गेला, समजुतीचं बोलला. ॲव्हरेजने त्याला सुनावलं की तुझं गॅरेज चालायला हवं म्हणून तुला सगळ्यांच्या बॅटऱ्या म्हाताऱ्या दिसतात. थोरल्याने चहा अर्धाच घेतला आणि उठला.

या सगळ्यात एकच प्रवासी तुटला नव्हता. त्या एक बाई होत्या. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काम केलेल्या, आता मूत्रपिंडं गेलेल्या. एक दिवसाआड त्यांना रक्त धुऊन घ्यायला मोठ्या दवाखान्यात जावं लागे. लेक दुसऱ्या शहरात. पाय धरत नव्हते, म्हणून घडीची चाकांची खुर्ची बरोबर असायची. जुनी, लोखंडी. ॲव्हरेज त्यांना उचलून गाडीत बसवायचा, खुर्ची डिकीत टाकायचा, दवाखान्यात पोचल्यावर पुन्हा खुर्चीत बसवून थेट वरच्या मजल्यावर मशीनपर्यंत ढकलत न्यायचा. हे त्याच्या भाड्यात नव्हतं. पहिल्या दिवशी केलं आणि मग करतच राहिला. बाई वाटेत एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायच्या. कोण कोणाशी चोरून बोलायचं ते सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं होतं. नावं मात्र त्या अजूनही सांगत नसत. गाडी खडखडायला लागली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की आता मला ऐकू कमी येतं ते बरंच.

एका सकाळी त्यांना गाडीत बसवून झाल्यावर तो खुर्चीपाशी जरा वेळ उभा राहिला. मग खिडकीशी आला.

“बाई, दवाखान्यात खुर्च्या असतातच ना. ही कशाला रोज न्यायची-आणायची?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. “जड होते का हो तुम्हाला?”

“मला नाही. गाडीला.”

“मग ठेवा वर घरात.” बाई हसल्या. “आधी खुर्ची, मग मी. ओळीने उतरवत जा म्हणजे झालं.”

तोही हसला. खुर्ची वर ठेवून आला.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. दवाखान्याच्या दाराशी खुर्च्या असायच्या, एखादी रिकामी मिळून जायची. त्या खुर्च्यांची चाकं वाकडी होती, पण भागत होतं.

मग एक सोमवार आला. दाराशी गर्दी होती आणि एकही खुर्ची मोकळी नव्हती. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सुरक्षारक्षक काचेवर थापा मारून गाडी काढायला सांगत होता. त्यातच फोनवर एक लांबचं भाडं आलं. तसं भाडं कितीतरी दिवसांत आलं नव्हतं. त्याने बाईंना उचलून दारालगतच्या बाकावर बसवलं आणि रक्षकाला सांगितलं की खुर्ची आली की यांना वर पोचवा. रक्षक मान हलवत दुसऱ्याच गाडीकडे धावला. ॲव्हरेज घुटमळला.

“जा तुम्ही,” बाई म्हणाल्या. “येईल एखादी. मी काही कुठे पळून जात नाही.”

तो गेला.

दुपारी न्यायला आला तर बाई मशीनच्या खोलीत नव्हत्या. तिथल्या नर्सने त्याला हाडांच्या वॉर्डात पाठवलं. घडलं ते तिनेच सांगितलं. बाई बराच वेळ बाकावर थांबल्या. वेळेवर वर पोचलं नाही तर मशीन दुसऱ्याला देतात, हे त्यांना ठाऊक होतं. आल्यागेल्याला दोन-तीनदा विचारून त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. लिफ्टपर्यंत गेल्या. लिफ्टचं दार उघडलं तसे आतले लोक बाहेर आले. कोणी ढकललं असंही नाही. त्या फक्त बाजूला व्हायला गेल्या आणि कोसळल्या. या आजारात हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात. खुब्याचं हाड मोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या शेजाऱ्यांकडून किल्ली घेऊन त्यांची खुर्ची दवाखान्यात घेऊन गेला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पलंगाशी बाईंची लेक बसली होती. प्रवासाच्याच कपड्यांत. बाईंचे डोळे मिटलेले होते. लेकीने त्याच्याकडे, मग घडी घातलेल्या खुर्चीकडे बघितलं.

“आता कशाला आणलीत?” तिने विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर त्याला काही बोलता आलं असतं. बाईंनी डोळे न उघडताच म्हटलं, “त्यांना काही बोलू नकोस. मीच जा म्हटलं होतं.” ॲव्हरेजने खुर्ची भिंतीला टेकवली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिला. बसा असं त्याला कोणी म्हटलं नाही.

त्याच आठवड्यात गाडीच्या पडद्यावर लाल खूण आली आणि भर रस्त्यात गाडी बसली. थोरला दोरी घेऊन आला, ओढत गॅरेजात नेली. आधीच्या बोलाचालीचा त्याने उच्चारही केला नाही. मागची सीट काढून तो बराच वेळ आत वाकून राहिला. मग हातात एक छोटा पंखा घेऊन उठला. पंख्याची पाती दिसत नव्हती. त्यात राखाडी लोकर गच्च बसली होती.

“हा बॅटरीला गार ठेवतो,” थोरला म्हणाला. “हवा गाडीतलीच ओढतो, सीटच्या बाजूच्या या जाळीतून. तू अस्तर फाडलंस, त्याचा सगळा भुगा इथे आला. बॅटरी आत शिजत होती.”

ॲव्हरेजने पंखा हातात घेतला. बोटाने थोडी लोकर उकरली.

“म्हणजे मी काही केलं नसतं तर?”

थोरल्याने हात पुसायला घेतले. स्वच्छ झाले तरी पुसत राहिला.

“चालली असती अजून थोडी.”

“किती?”

“आता ते विचारून काय करायचंय?”

गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नव्हता. थोरल्याने ओळखीच्या माणसाला सांगून सुट्या भागांसाठी ती विकली. येईल तेवढे पैसे आले. बोळकांडीतलं सामान त्या माणसाने नेलं नाही, त्याला ते नको होतं. बायकोने आणि ॲव्हरेजने मिळून ते जिन्यावरून खाली कचऱ्याच्या जागेपाशी ठेवलं. दोन-तीन फेऱ्या झाल्या. ती पुढे, तो मागे.

त्याला एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी लागली. कामगारांना सकाळी आणायचं, संध्याकाळी सोडायचं. स्टँडवर तो पुन्हा गेला नाही.

बाईंना भेटायला मात्र तो जात असे. शस्त्रक्रिया त्यांना झेपणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मशीनवर नेताना हलवलं की त्यांना असह्य कळा यायच्या. एक दिवस त्यांनीच लेकीला आणि डॉक्टरांना सांगितलं की आता पुरे, मला घरी न्या. ॲव्हरेज गेला तेव्हा त्यांना घरी आणलेलं होतं. पायांवर, चेहऱ्यावर सूज होती. त्याने पलंगाशेजारी बसून पहिल्यांदा सरळ विचारलं.

“बाई, मी नेतो तुम्हाला. थोरल्याची गाडी मागतो. आडवं झोपवून नेतो, जराही धक्का लागू देणार नाही. चला ना.”

“न्याल हो तुम्ही,” बाई म्हणाल्या. त्यांना धाप लागत होती. “पण मला नाही यायचं. तुमच्यामुळे नाही. मला कंटाळा आला होता आधीपासूनच. पडले नसते तर आणखी वर्षभर कंटाळले असते, एवढंच.”

हे खरं होतं, की त्याला सोडवायला म्हटलेलं होतं, हे त्याला कळेना. त्याने विचारलंही नाही. बाईंना झोप लागली. लेकीने आतून चहाचा कप आणून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो घेतला, तिने पडदा ओढला, आणि दोघं आपापल्या जागी बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात बाई गेल्या. लेकीने शेजाऱ्यांना कळवलं, शेजाऱ्यांनी त्याला. त्या दिवशी संध्याकाळी तो बस जागेवर लावून तसाच बाईंच्या घराकडे निघाला. घरी आला तेव्हा बायको लॉन्ड्रीतल्या दुसऱ्या पाळीला जायला निघाली होती; गाडी गेल्यापासून ती तीही करायची. त्याला बघून ती थांबली.

“जाऊन आलात?”

“गेलो होतो.”

“लेक काय म्हणाली?”

तो खुर्चीत बसला. बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला.

“वर नाही गेलो. खाली बरीच माणसं उभी होती. जिन्यापासूनच परत आलो.”

ती पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती. तिने पिशवी उतरवली, त्याच्या शेजारी येऊन बसली. जरा वेळाने तिने घड्याळाकडे बघितलं. मग उठली, त्याच्यासाठी ताट वाढून झाकून ठेवलं आणि कामावर गेली. ती परत आली तेव्हा ताट तसंच झाकलेलं होतं आणि तो बूट घालूनच झोपला होता.