फळ्यावर फुटलेले रहस्य

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पिंपरीतल्या कामगार वाचनालयाच्या अडगळीत भिंतीकडे तोंड करून उभा आहे. माझ्या पाठीवर अजून परदेशी अक्षरे दिसतील, कारण मुळात मी कारखान्यात आलेल्या यंत्राचे खोके होतो. ज्ञानदेव सुताराने माझ्या फळ्या जोडल्या, काळा रंग दिला आणि मला वाचनालयाच्या दारात टांगले.

दुपारी माझ्यावर बायकांचा साक्षरतेचा वर्ग भरे. माझा वरचा अर्धा भाग मात्र साहेबरावांचा; शनिवारी ते तिथे लिहीत आणि ते आठवडाभर कुणी पुसत नसे. ते लेथवर काम करत, आणि रहस्यकथा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. नवे पुस्तक वाचले, पुण्यात सिनेमा पाहिला, की त्याचे परीक्षण माझ्यावर लिहीत. पाळी सुटली की माणसे हातात डबे घेऊन माझ्यापुढे थांबत. साहेबरावांचा एकच नेम होता, गुन्हेगाराचे नाव फोडायचे नाही.

एकदा त्यांनी लिहिले, "हिऱ्यांच्या हाराची चोरी पुस्तकात वाचा, पुढच्या शनिवारी मैदानातल्या पडद्यावर पाहा. पुस्तकात संशय मुंगीच्या पावलांनी येतो, पडद्यावर ताशा वाजवत येतो. पण दोन्हीकडे मोलकरणीवरची नजर काढू नका!"

माणसे हसली. ते हसू घरोघर गेले.

गिरजाबाई पुनावळ्याहून चालत येत. वसाहतीत चार घरची धुणीभांडी करत, वाचनालयाचे दार झाडत आणि दुपारी वर्गात बसत.

"गिरजाबाई, जाताना पदर झटका बरं," एकीने थट्टा केली. "फळ्यावर लिहिलंय!"

थट्टेला पाय फुटले. बायका भांडी मोजून घेऊ लागल्या. तशात त्या चार घरांतल्याच रुक्मिणीबाईंची अंगठी सापडेना. "शनिवारपर्यंत मिळाली नाही, तर आमच्याकडचं काम बंद," त्या म्हणाल्या. एक दार मिटले की बाकीचीही मिटणार, हे गिरजाबाई जाणून होत्या. माझ्याखाली झाडताना त्या पुटपुटत,

"संशयाचं गं बियाणं, नको पेरू दारोदारी
उगवलं पानोपान, कापायाला न्हाई सुरी."

शनिवारी पाळी सुटली, तेव्हा परीक्षणाखाली एक तिरकी ओळ होती : "मोलकरणीने हार घेतला नाही. वकिलाने घेतला."

एकच गिल्ला झाला. साहेबराव सिनेमाचे यंत्र चालवणाऱ्या ज्योतीरामवर धावले. "राव, रिळं तुझ्याकडं. तूच फोडलंस!"

"भाऊ, माझी ओळ अशी घसरगुंडीवर बसली असती का?"

"मग सांगितलंस कुणाला?"

ज्योतीराम रिळांचे डबे मोजू लागला. जो तो शेजाऱ्याच्या बोटांवर खडू शोधू लागला. मला ठाऊक होते. ज्या हाताने आपले पहिले अक्षर माझ्यावरच गिरवले, त्याचा भार मी कसा विसरेन? पण माझ्यावर लिहिले जाईल तेवढेच मी बोलू शकतो.

"म्या लिवलं," गिरजाबाई पुढे आल्या. "त्या बाईचं पुढं काय हुतं, म्याच ज्योतीरामदादाला इचारलं. साहेबराव, तुमची गोष्ट रातच्याला सुटती. माझी कवा सुटायची?"

साहेबरावांनी फडके उचलले, आणि न पुसता ठेवून दिले.

दिवेलागणीनंतर सारी वसाहत पडद्यापुढे बसली. चोर कोण, हे आता शोधायचे नव्हते. मग माणसे पहिल्यांदाच त्या मोलकरणीकडे नीट पाहू लागली. घरात कुणी कपाट उघडले, तरी ती पदराचे टोक मुठीत धरायची. मैदानात कुणी शेंगसुद्धा फोडली नाही.

उठताना रुक्मिणीबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी या हो, गिरजाबाई."

"अन् अंगठी?"

"मिळेल तेव्हा मिळेल."

अंगठी तेव्हाही सापडली नव्हती, मित्रांनो.

साहेबराव पुढे बरीच वर्षे लिहीत राहिले. गुन्हेगार लपवला, पण कुणाच्या कामाकडे बोट दाखवून वाचक जमवले नाहीत. आता माझा रंग उडाला आहे. मला उन्हात काढा, पुसा, पुन्हा दारात टांगा. रहस्ये खुशाल लिहा. फक्त खडू टेकवण्याआधी खाली पाहा, दार कोण झाडते आहे.