एफी मॅक्रेचा पाहुणचार

तव्यात ब्लॅक पुडिंगच्या, म्हणजे रक्ताच्या काळ्या सॉसेजच्या, चकत्या टाकून एफी मॅक्रे मागे वळली, तर स्वयंपाकघराच्या दारात पाहुणी उभी होती. अंगात लाल कोट, पायांत नुसते मोजे, आणि बूट हातात.

"बस कुठे थांबते?" तिने विचारले. विचारताना तिचे लक्ष एफीकडे नव्हते, छताकडे होते. वर न्हाणीघरात पाणी वाहत होते. तिचा नवरा दाढी करत होता.

बाईला फिरायला जायचे असेल, असेच एफीला आधी वाटले. ती सांगायला लागली की सकाळी एकच बस येते, खालच्या वळणावर थांबते, स्टेशनपर्यंत जाते, पण परतायला संध्याकाळ होते. बोलता बोलता तिची नजर पुन्हा त्या बुटांवर गेली. जिना जुना लाकडी होता. बूट घालून उतरले की घरभर ऐकू जाई.

एफीने गॅस बारीक केला.

एफी वरची खोली पाहुण्यांना नाश्त्यासकट भाड्याने देई, आणि ही दोघे आदल्या दिवशी दुपारी ग्लासगोहून आली होती. केनेथ टेनंट आणि त्याची बायको लोर्ना. शनिवार-रविवार डोंगरात काढायचा होता, लग्नाचा वाढदिवस होता. टेनंट उंच, देखणा, बोलायला गोड. त्याने शेगडीत जळणाऱ्या पीटच्या, दलदलीतल्या मातीच्या ढेपांच्या, वासाचे कौतुक केले, कुत्र्याची मान खाजवली, दोन्ही बॅगा स्वतः वर नेल्या. अशी माणसे आली की घराला शोभा येते, असे एफीला वाटून गेले. मग चहाच्या वेळी तिने लोर्नाला विचारले, दूध घालू का, तर उत्तर त्याने दिले. स्कोनच्या गोल पावावर लोणी हवे का, तर तेही त्यानेच सांगितले. "तिला लोणी नको. अंगाला लागतं लगेच," असे म्हणून तो हसला, आणि ती त्याच्या मागून, किंचित उशिरा हसली. दोघांचे फोन टेबलावर एकावर एक ठेवलेले होते आणि त्याचा तळवा वर होता.

एफीने हे पाहिले आणि पाहिले नाही असे केले. पाहुण्याच्या ताटाकडे बघावे, तोंडाकडे बघू नये, ही तिच्या आईची शिकवण. आईच्या मागे हे घर तिने त्या एका शिकवणीवर चालवले होते. नवरा अ‍ॅलिस्टर वारला, मुलगी न्यूझीलंडला गेली, तरी पाहुणे येत राहिले. कोणी चिखलाने माखलेले कुत्रे घेऊन पलंगावर झोपले, कोणाला भर दुपारी नाश्ता हवा झाला, कोणी खिडकीसमोरच्या मेंढ्या हटवायला सांगितल्या. एफी प्रत्येकाला "बरं" म्हणाली. शेजारचा मर्डो तिची सगळ्या खोऱ्यात थट्टा करायचा. एफीच्या घरी चोर शिरला, तर ही बाई आधी विचारील, अंडे उकडून देऊ का तळून.

आता पाहुणी भिंतीला टेकून बूट घालत होती. बोटे नीट चालत नव्हती, नाडी सुटत होती.

"घरी नाही जमायचं," ती हळू म्हणाली. "घरी दाराला कुलूप असतं, किल्ली त्याच्याकडे. इथे तुमच्या दाराला कडीसुद्धा नाही. काल येतानाच बघितलं मी."

"पण जाणार कुठे—" एफीने विचारले आणि स्वतःच हात वर केला. "नको, सांगू नकोस. मला ठाऊक नसलं तर माझ्या तोंडून निघायचंही नाही."

वरचे पाणी अजून वाहत होते. एफीने खिडकीतून बाहेर पाहिले. पावसाची भुरभुर पडत होती, सगळा उतार राखाडी झाला होता. वळणाकडे जाणारी पायवाट घरामागून निघे, पण पुढे ती उघड्या कुरणातून जाई, जेवणघराच्या खिडकीसमोरून. त्या राखाडीत हा लाल कोट निखाऱ्यासारखा दिसला असता.

"काढ तो," ती म्हणाली.

खुंटीवरचा स्वतःचा हिरवा कोट तिने लोर्नाच्या अंगावर चढवला आणि टोपी कपाळापर्यंत ओढली. तो लाल कोट तिने पुढच्या दाराजवळच्या खुंटीवर टांगला, येता-जाता दिसेल असा. मागचे दार उघडून बजावले, धावायचे नाही. इथे कोणी धावत नाही. आपली गाय शोधायला निघाल्यासारखे चालायचे, आणि बस दिसेपर्यंत दगडी भिंतीआड बसायचे. बस चालवणारी जेसी. एफीने पाठवले म्हटले की ती काही विचारणार नाही.

लोर्नाला काहीतरी म्हणायचे होते. एफीने तिला बाहेर ढकलले आणि दार लावून घेतले.

मग तिच्या मनात आले, याच्याजवळ गाडी आहे. बस खोऱ्यातल्या अरुंद रस्त्याने रखडत जाते, हा पाठोपाठ निघाला तर पुलाआधीच गाठील. ती तशीच एप्रनवर अंगणात गेली, आपली जुनी व्हॅन सुरू केली आणि फाटकात आडवी लावली. किल्ली एप्रनच्या खिशात टाकली. आत आली तेव्हा पुडिंगच्या चकत्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या आणि जिना वाजत होता.

"काय सुंदर वास सुटलाय," टेनंट म्हणाला. ओले केस मागे वळवलेले, पांढराशुभ्र सदरा. दाराजवळून येताना त्याने खुंटीवरचा लाल कोट पाहिला असावा, कारण तो निवांत होता. "लोर्ना कुठाय?"

"असेल इथेच. मागे कोंबड्यांची पिल्लं बघायला गेली वाटतं," एफी म्हणाली. "तुम्ही बसा. पॉरिज गार होईल."

तो खिडकीकडे तोंड करून बसला. एफीला ती खुर्ची आधीच हलवून ठेवायला हवी होती, पण सुचले नव्हते. तिने पॉरिज आणले, साय आणली, मग सॉसेज, अंडे आणि टोस्टची ताटली आणली. तो खात राहिला आणि ती उगाच टेबलाशी घोटाळत राहिली. एरवी ती वाढून स्वयंपाकघरात निघून जाई. आज तिने मुलीचे न्यूझीलंड काढले, तिथल्या मेंढ्या काढल्या, हवेवर बोलली. स्वतःचाच आवाज तिला परका वाटत होता.

"कोण ते?" टेनंटने मध्येच विचारले.

कुरणाच्या मध्यावर हिरवा कोट चालत होता. धावत नव्हता. पण इतका सावकाश, इतका सरळ चालला होता की गाय शोधणारे कोणी तसे चालले नसते.

"मर्डोची बहीण. गाय सुटली असेल," ती म्हणाली. जन्मात पाहुण्याशी ती खोटे बोलली नव्हती, आणि ते इतक्या सहज निघाले की तिची तीच चकित झाली.

तो पाहत राहिला. मग त्याने सॉसेज कापले. हिरवा कोट भिंतीआड गेला. एफीने त्याला आणखी टोस्ट आणून दिले, त्याने मागितले नसताना आणखी एक अंडे तळून दिले. तो हसून म्हणाला की असे खाऊ घालाल तर आम्ही इथेच राहू. खाता खाता त्याने घड्याळ पाहिले आणि रुमालाने तोंड पुसले.

"बराच वेळ झाला पिल्लांना," तो म्हणाला. "आणि कोट तर तिचा इथेच आहे. पावसात तशीच गेली?"

"माझा घातलाय. खुराड्यात चांगला कोट कशाला खराब करायचा."

शब्द तोंडातून सुटले आणि एफीला कळले, आपण काय बोललो. टेनंटलाही कळले, पण सावकाश. त्याने मान वळवली आणि हिरवा कोट जिथून गेला होता त्या रिकाम्या कुरणाकडे पाहिले. खूप वेळ पाहिले. मग तो उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि बाहेर गेला. फाटकापाशी थांबून परत आला.

एफी चहाची किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"व्हॅन काढा तुमची."

"नाही," एफी म्हणाली.

"काय म्हणालात?"

"नाही म्हणाले."

तो जवळ आला. ओरडेल, असे तिला वाटले होते. तो ओरडला नाही. वडीलधाऱ्याने समजूत घालावी तसा बोलला. "बाई, तुम्ही भल्या आहात, म्हणून सांगतो. ती बरी नसते. डोक्याची औषधं चालू आहेत तिला. कुठेतरी जाऊन जिवाचं काही करून घेतलं, तर ते तुमच्या माथी येईल. नवरा-बायकोच्या मध्ये पडू नका."

एफीचा धीर तिथे खचला. हिची आपली ओळख एका संध्याकाळची. हा खरे बोलत असेल तर? लोर्नाची ती न चालणारी बोटे, छताकडे लागलेली नजर, आजारी माणसाचीही अशीच असते. एफीचा मोकळा हात आपोआप एप्रनच्या खिशाकडे गेला, किल्लीवर पडला. एक शब्द तो आणखी बोलला असता, तर तिने ती काढून दिली असती.

पण त्याला तेवढा दम नव्हता. त्याने तिचे मनगट धरले.

झटापट झालीच नाही. त्याने फक्त धरले, आणि अंगठा आतल्या बाजूने, दोन हाडांच्या मधोमध दाबला. कळ कोपरापर्यंत गेली. चेहऱ्यावर त्याच्या काहीच नव्हते. कुठे दाबले की दुखते आणि वळ उठत नाही, हे त्या अंगठ्याला शोधावे लागले नव्हते. त्याला पाठ होते.

एफीच्या मनातली शंका गेली.

"हात सोडा," ती म्हणाली. दुसऱ्या हातातली किटली तिने वर उचलली होती. "चहा उकळता आहे."

दोघे तसेच उभे राहिले. मग खालून, वळणाकडून, बसचा घरघराट आला. खिडकीतून तिचे पिवळे छत दिसत होते. ती थांबली, मग निघाली. बस उताराआड जाईपर्यंत त्याने मनगट धरून ठेवले होते, आणि गेल्यावर सोडले.

"येईल परत," तो म्हणाला. "तिला दुसरं आहे कोण?"

काय करावे हे न सुचल्यासारखा तो पुन्हा टेबलाशी जाऊन बसला. कप पुढे सरकवला. एफी किटली घेऊन दारातच उभी राहिली, हललीसुद्धा नाही. खाली बसावे तर किल्ली खिशातून दिसेल असे तिला वाटत होते.

तेवढ्यात अंगणातून मर्डोची हाक आली. त्याचा ट्रॅक्टर फाटकाशी अडला होता. दारातून डोके आत घालून तो एफीला म्हणाला, "काय गं बये, फाटकात व्हॅन लावून देशाची सीमा राखतेस का?" मग त्याने तिच्याकडे नीट पाहिले आणि डोक्यावरची टोपी काढली. "सगळं ठीक ना, एफे?"

"ठीक आहे. जरा बस इथे."

मर्डो बसला. त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. टेनंट मात्र दिवा लागावा तसा उजळला. उठून त्याने मर्डोशी हात मिळवला, हवेची चौकशी केली, बायकोला बहिणीची आठवण आली म्हणून ती पुढे गेली असे सांगितले. बोलणे इतके गोड होते की मर्डोही मान हलवत राहिला. पण तो उठला नाही. बस स्टेशनला पोचून बराच वेळ झाल्यावर एफीने बाहेर जाऊन व्हॅन बाजूला घेतली.

टेनंटने दोन्ही बॅगा उतरवल्या. खुंटीवरचा लाल कोट काढून त्याने घडी केली आणि गाडीच्या मागच्या आसनावर ठेवला. काच खाली करून, मर्डो ऐकतोय हे बघून म्हणाला, "नाश्ता छान होता, मिसेस मॅक्रे."

प्रत्येक पाहुण्याला निरोप देताना एफी "पुन्हा या" म्हणत असे. आज ती गाडी पुलापलीकडे जाईपर्यंत गप्प उभी राहिली.

"आता सांगशील?" मर्डोने विचारले.

"आधी बाजारातून एक कडी आणून दे," एफी म्हणाली. "पुढच्या दाराला. आतून लागणारी."

दुपारी जेसी अंड्यांचे रिकामे डबे परत द्यायला आली. ती बाई पहिल्याच आसनावर बसली होती, म्हणाली. स्टेशनात दोन गाड्या उभ्या होत्या, एक उत्तरेची, एक दक्षिणेची. ती कुठल्या गाडीत चढली ते जेसीने मुद्दामच पाहिले नव्हते. मी तर पाठ करून बस धूत उभी राहिले, म्हणाली.

त्यानंतर एफी वरची खोली आवरायला गेली. खिडकी उघडली, त्याच्या साबणाचा वास जाऊ दिला. पलंग दोघांचा, ऐसपैस. मधोमध चादर चुरगळली होती आणि एक उशी खोल दबलेली होती. भिंतीकडच्या बाजूला, अगदी काठाशी, चादरीवर वीतभर रुंदीचा एक सरळ माग उमटला होता. तेवढ्याच जागेत एक बाई रात्रभर कूस न बदलता झोपली होती.

एफी जाऊन तिथे बसली. जमिनीत पाय रोवल्याशिवाय त्या काठावर बसताच येत नव्हते. दुखरे मनगट तिने मांडीवर ठेवले. मग उठली आणि चादर ओढून काढली.